पुढच्या बैलाविषयी एक अभिप्राय

“बाबूसाहेब, पिच्चर तं अजून चालूच नाही झाला. तुमी काय लिहून राह्यले मंग?”

“अभिप्राय,” नीळकंठ पांढरीपांडे मान वर न करता म्हणाले.

“कोनाचा?”

“तुमचा.”

नेमसिंगनं वाकून कागद पाहिला. नेमसिंग हा पळसतांड्याचा, म्हणजे तिथल्या बंजारा वस्तीचा, नाईक. तांड्यातलं कुठलंही भांडण, कुठलंही लग्न आणि कुठलाही सरकारी माणूस आधी त्याच्या ओट्यावर टेकत असे. कागदावर त्याचं नाव होतं, वय होतं, आणि पुढे निळ्या शाईत, जरा उजवीकडे झुकलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘चित्रपट उत्तम आहे. पाहून मन हलके झाले.’

“म्हंजे आवडला म्हना मले.”

“फार.”

“हलकं किती झालं?”

“चाळीस टक्के. तो रकाना खाली आहे.”

नेमसिंग विचारात पडला. “पन्नास करा न. नाईक हाये मी.”

पांढरीपांड्यांनी चाळिसाचे पन्नास केले. खोडलेलं दिसलं नाही. ती त्यांची कला होती.

शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांवर बारदान ठोकून अंधार केलेला होता. समोरच्या भिंतीवर दोन धोतरं जोडून पडदा ताणलेला. पडद्यासमोर तांडा बसला होता. पुढे लहान मुलं, मग बाया, मागे भिंतीला टेकून माणसं. भीमराज नावाचा ऑपरेटर प्रोजेक्टरच्या वायरी चाचपत होता. घाई करणं भाग होतं, कारण भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे लाइन बारा ते चार एवढीच होती आणि बारा वाजून गेले होते.

ही दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कापसानं जिल्ह्याचं नाव देशभर नेलं होतं, पण ज्या कारणासाठी नेलं ते कुणी मोठ्यानं सांगत नव्हतं. दिल्लीहून, मुंबईहून समित्या येत, बांधावर उभ्या राहून फोटो काढून घेत आणि जाताना अहवाल मागत. अशाच कुठल्या तरी बैठकीत कुणाच्या तरी मनात आलं की, लोकांचं मनोबल वाढवायला हवं आणि मनोबल सिनेमानं वाढतं. सिनेमाला अटी तीन : त्यात शेतकरी नसावा, कर्ज नसावं, माणूस मरू नये. या तीन अटींत बसणारा एकही हिंदी चित्रपट सापडेना. शेवटी एक वितरक स्वतःहून पुढे आला. त्याच्याकडे एक परदेशी कार्टूनपट पडून होता. तीन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांवरून काढलेला, हिंदीत बोलता केलेला, नाव ‘नमक परबत के पार’. शहरांत तो फार चालला नव्हता. मनोबलाला चालणार होता. शेवटी त्यात एक बैल मरत होता, पण बैल अटीत धरलेला नव्हता.

चित्रपटासोबत अभिप्रायाचे फॉर्म आले. ‘चित्रपट कसा वाटला?’ याखाली चौकोन तीन : उत्तम, चांगला, बरा. त्याखाली ‘मनावरील ताण किती टक्के कमी झाला?’ त्याखाली ‘इतर सूचना’ म्हणून दोन बोटं लांबीची रेघ. प्रत्येक गावातून साठ फॉर्म, सोमवारी जिल्ह्याला पोचते करायचे.

हे काम दिग्रसच्या कार्यालयात पांढरीपांड्यांकडे येणार हे ठरलेलंच होतं. नोकरीला बत्तीस वर्षं झाली होती, निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि या बत्तीस वर्षांत त्यांची एकही फाइल त्रुटी काढून परत आलेली नव्हती. एकही नाही. असा मनुष्य त्या कार्यालयात दुसरा नव्हता आणि होण्याची भीतीही नव्हती. सर्वेक्षण असो, जनजागृती असो, लाभार्थ्यांचं मनोगत असो, पांढरीपांडे मतदार यादी समोर घेत आणि बसल्या बैठकीला गावाचं मत तयार करत. त्यांना चौदा तऱ्हांची अक्षरं काढता येत होती. म्हाताऱ्याचं थरथरतं, सातवी नापासाचं रेटून काढलेलं, नव्यानं सही शिकलेल्या बाईचं सुटं सुटं. अंगठे हवे असतील तर स्वतःची दहा बोटं होतीच. शाई कमीजास्त केली, बोट जरा कलतं ठेवलं की दहाची चाळीस होत. डाव्या हाताची करंगळी त्यांनी बायांसाठी राखून ठेवली होती. यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. लोकांना वेळ नसतो, सरकारला कागद लागतो. दोघांची अडचण एकच माणूस सोडवतो, तर त्यात वाईट काय?

एक मेला झेंडावंदनानंतर प्रशस्तिपत्र देतो, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ते कुठल्या भिंतीवर लावायचं हेही पांढरीपांड्यांनी ठरवलं होतं.

“लाइट बंद!” भीमराज ओरडला. पांढरीपांड्यांनी साठावा फॉर्म पूर्ण करून पेनाचं टोपण लावलं, आणि चित्रपट सुरू झाला.

गोष्ट साधी होती. एका थंड मुलखातलं मीठ संपलेलं आहे. मिठाशिवाय अन्न बेचव झालंय, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. मग एक मुलगी बैलांचा काफिला घेऊन मिठाच्या डोंगराकडे निघते. काफिल्याच्या पुढे पांढराशुभ्र बैल, आणि तो बोलतो.

“बैल बोलून राह्यला न वो!” एक बाई म्हणाली.

“बोलू दे. आपले काय मुके हायेत?” दुसरी म्हणाली. “ऐकाले कान पायजे.”

“हिंदीत बोलून राह्यला पन.”

“मंग बैलानं काय शाळेत जाव मराठी शिकाले?”

खोली हसली. पुढे बैल दरीवरून उडाला तेव्हाही कुणाची हरकत नव्हती. एका नदीतून आगीचा साप निघाला, तोही तांड्यानं चालवून घेतला. पांढरीपांडे मनात सुखावले. आपण लिहिलेले अभिप्राय खरे ठरत आहेत, असा अनुभव त्यांना क्वचितच येई.

मग डोंगर आला. मुलीनं मिठाचं पोतं उचललं आणि एकटीनंच एका बैलाच्या डाव्या अंगाला अडकवलं. मग वळसा घालून दुसरं पोतं आणायला गेली.

खोलीत कुजबुज सुरू झाली.

“एकाच बाजूनं टाकली न थे!”

“पडते आता. पाह्य तू, पडते.”

पोतं पडलं नाही. मुलीनं दुसरं अडकवलं, आणि बैलाच्या पोटाखालून दोर घेऊन करकचून बांधलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं स्वतःच्याच पोटावर हात धरला.

शेवटच्या भागात वादळ आलं. सगळे बैल थकले. मुलीनं एकेकाची पोती काढून काढून पुढच्या पांढऱ्या बैलावर रचली. सबंध राज्याचं मीठ त्या एकट्याच्या पाठीवर. गाणं सुरू झालं. बैल मान खाली घालून चढत राहिला, गुडघ्यावर आला, पुन्हा उठला. कार्यालयात चाचणी म्हणून हा चित्रपट दाखवला होता तेव्हा याच ठिकाणी आस्थापनेच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. इथे मात्र कुणी रडेना. नुसती शांतता. ती शांतता पांढरीपांड्यांना काही बरी वाटली नाही.

तेवढ्यात पडद्यावरच्या डोंगरावर एक प्रचंड सावली उभी राहिली. ओढणीचं टोक, हातभर बांगड्या, आणि वर गेलेला एक हात.

“बंद कर रे!”

प्रोजेक्टरच्या उजेडात हंसाबाई उभी होती. नेमसिंगची चुलती. वय सत्तरीच्या आसपास. तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. तिच्या कांचळीवरच्या आरशांतून उजेडाचे तुकडे साऱ्या खोलीभर उडाले.

“काकी, बस न खाली. संपतच आला,” नेमसिंग म्हणाला.

“संपला म्हनूनच उठली. बंद कर.”

भीमराजनं पांढरीपांड्यांकडे पाहिलं. पांढरीपांड्यांनी मान हलवली, तसं त्यानं प्रोजेक्टर बंद करून दिवा लावला. बैल मरायचा राहून गेला.

हंसाबाई थेट त्यांच्या टेबलापाशी आली. सोबत तिची नात रंजिता. ती पुसदला डी.एड. करत होती आणि शनिवारची घरी आली होती.

“बाबू, माया नावाचा कागद दे.”

“आजी, तो भरलाय मी. तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“भरला न? मंग दे. छोरी, वाच.”

रंजितानं गठ्ठ्यातून नाव शोधलं आणि वाचलं, “चित्रपट उत्तम आहे. बैल फार आवडले. ताण पस्तीस टक्के कमी झाला.”

“हे कोन बोललं?”

पांढरीपांड्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“आन हे खाली काळं काय हाये?”

“तुहा अंगठा हाये, दादी.”

हंसाबाईनं कागद उजेडाकडे धरून तो अंगठा नीट पाहिला. छान होता तो. रेषान् रेषा उठलेली. मग तिनं स्वतःचा उजवा अंगठा पांढरीपांड्यांच्या नाकासमोर धरला. त्यावर एकही रेषा नव्हती. पन्नास वर्षं कापूस वेचून आणि घागऱ्या-ओढण्यांवर आरसे टाचून तो अंगठा घासलेल्या पितळेसारखा गुळगुळीत झाला होता.

“हा माया हाये. तो कोनाचा हाये?”

पांढरीपांड्यांनी डाव्या हाताची करंगळी मुठीत मिटली. तांड्यानं ते पाहिलं. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. मागून एक जण फक्त एवढंच म्हणाला, “जाऊ दे वं काकी, नौकरीवाला मानूस हाये. त्याच्या मांगं बी कोनी तरी हाये.”

“मी काय त्याले खाऊन राह्यली? मले विचाराले आला न थो? मंग विचार म्हनाव.”

बत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. त्यांनी खुर्ची ओढली. कोरा फॉर्म घेतला. आणि घसा साफ करून, नोकरीतला आपला पहिला प्रश्न विचारला :

“चित्रपट कसा वाटला?”

“बैल बोलला, ते ठीक. उडला, ते बी ठीक. मनातली गोष्ट हाये, उडू दे. पन गोणी तशी नाही लादत बाबू. गोणी दोघं लादतात. एक इकडून, एक तिकडून, आन उचलाची एकदम. एकीकडं आधी टाकली का बैलाचं कंबरडं वाकडं होते. आन गोणी बांधत नाहीत, तोलतात. बांधलेली गोणी पाठ कापते. माया आज्याचे नव्वद बैल होते. दर्याकडून मीठ आनत, इकडून धान्य नेत. मी नाही पाह्यलं थे. पन त्याची गोणी घरी हाये, आन ती उचलाले आमाले लहानपनीच शिकवलं. दोघी दोघी करून.”

पांढरीपांडे लिहीत होते. दोन बोटांची रेघ पहिल्याच वाक्यात संपली. ते कागदाच्या पाठीमागे गेले.

“आन पुढचा बैल,” ती म्हणाली. मागे भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली. “पुढच्या बैलावर वझं नाही टाकत. कधीच नाही. त्याले घुंगरं बांधतात, शिंगाले लाल कापड बांधतात, आन रिकामं चालू देतात. तो वाट वाहते. त्याच्यावर वझं टाकलं का त्याची नजर खाली जाते. मंग मांगच्यायनं कोनाकडं पाहाव? आन तो बसला का तांडा तठीच उतरते. नाईक असो का कोनी, त्याले उठवत नाही. अन् यायनं काय केलं? सगळ्यायचं काढून त्याच एकट्यावर लादलं, आन वरून गानं म्हनून राह्यले.”

“बरोबर हाये,” मघाचा म्हातारा म्हणाला.

“लिव्हलं?”

“लिहिलं.”

“वाच.”

पांढरीपांड्यांनी वाचलं. कार्यालयीन सवयीनं शेवटी एक वाक्य त्यांनी आपलं घातलं होतं : ‘सबब, सदर दृश्य काहीसे चुकीचे वाटते.’

“‘वाटते’ कायले? मले वाटून नाही राह्यलं. चूक हाये. तसं लिव्ह.”

त्यांनी ‘काहीसे चुकीचे वाटते’ खोडलं आणि ‘चूक आहे’ लिहिलं. या वेळी खोडलेलं दिसलं. तिनं अंगठा उठवला. गोल, काळा, गुळगुळीत डाग. तेव्हाच त्यांचं लक्ष गेलं की, हा सबंध कागद त्यांनी कुठल्याच ठरवलेल्या अक्षरात लिहिलेला नाही. बारीक, जरा डावीकडे कललेलं, अनुस्वार दूर देणारं हे अक्षर त्यांना ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते चटकन आठवेना. बऱ्याच वेळानं, मोटारसायकलवर भीमराजच्या मागे बसून परतताना आठवलं. मॅट्रिकच्या वहीत होतं ते.

रविवारी सकाळी केतकीचा पुण्याहून फोन आला. ती त्यांची एकुलती मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चित्रपटाचं नाव ऐकताच ती उसळली.

“बाबा, तो दाखवताय तुम्ही लोकांना? मी तर अर्ध्यातून उठून आले. तिन्ही कादंबऱ्या वाचल्यात मी, दोनदा. वाट लावलीये त्यांनी. इंटरनेटवर आम्ही सतराशे जणांनी निषेध लिहिलाय.”

“कशाबद्दल?”

“पांढऱ्या बैलाबद्दल! पुस्तकात तो शेवटपर्यंत रिकामा चालतो. त्याच्यावर कुणी ओझं टाकत नाही, म्हणून तर त्याला वाट दिसते. तिसऱ्या भागाचा सगळा अर्थच तो आहे. सिनेमावाल्यांना प्रेक्षक रडवायचे होते, म्हणून टाकली पोती. सतराशे जण हेच ओरडतोय, पण ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांना हे कसं कळणार?”

पांढरीपांडे खुर्चीत सावरून बसले. “आमच्याकडे एका बाईंना कळलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी कालचं सगळं सांगितलं. करंगळी वगळून.

“थांबा, थांबा. या आजींनी इंग्रजीतून वाचल्या का?”

“त्यांनी कशातूनच वाचल्या नाहीत. वाचता येत नाही त्यांना.”



“बाबा,” ती म्हणाली, “त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलंत ना? तुमच्या भाषेत नाही ना केलंत?”

“एकच वाक्य केलं होतं. त्यांनी खोडायला लावलं.”

“ग्रेट आहात तुम्ही, बाबा.”

ही पदवी खरं तर दुसऱ्या कुणाची होती, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी ती ठेवून घेतली. फोन ठेवल्यावर त्यांच्या पत्नीनं, पद्मजाबाईंनी, चहा पुढे केला.

“अहो, आणि तुम्हाला कसा वाटला पिक्चर?”

पांढरीपांडे विचार करू लागले. आत्तापर्यंत या चित्रपटावर त्यांनी तीन गावांचे मिळून एकशे ऐंशी अभिप्राय दिले होते. त्यांत त्यांचा एक नव्हता.

“वाईट,” ते म्हणाले.

“वाईटला रकाना नाही न पण?”

“नाही.”

“मग?”

“मग काय. चहा चांगला झालाय.”

सोमवारी सगळे फॉर्म जिल्ह्याला गेले. आठव्या दिवशी पळसतांड्याचा गठ्ठा परत आला. वर गुलाबी कागद. पांढरीपांड्यांनी इतरांच्या टेबलांवर असे कागद अनेक पाहिले होते. स्वतःच्या टेबलावर हा पहिलाच. त्यांनी तो उभ्यानंच वाचला. ‘अ. क्र. ४१ : अभिप्राय विहित रकान्यात नाही. अंगठा अस्पष्ट, रेषा उमटलेल्या नाहीत. सदर महिला अस्तित्वात व हयात असल्याची खात्री करून तसे प्रमाणित करावे, अन्यथा फॉर्म वगळावा. उर्वरित एकोणसाठ फॉर्म बिनचूक.’

शेजारच्या टेबलावरचा उत्तमसिंग, तीस वर्षांचा सोबती, डोकावून म्हणाला, “पांढरीपांडे, एकच खरा घेतला तं तोच परत आला काय? देव हाये बाप्पा.”

मंगळवारी बाजार होता. नेमसिंगकडे निरोप गेला, आणि हंसाबाई हयात असल्याचं दाखवायला स्वतः आली. फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, नवी ओढणी, दंडापर्यंत बांगड्या, मागे रंजिता. साहेबांच्या दालनात ती शिरली तेव्हा बांगड्यांच्या आवाजानं साहेब आपोआप अर्धे उठले. अठ्ठावीस-तीस वर्षांचे, नुकतेच बदलून आलेले होते. उठल्यावर आपण का उठलो ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी पंखा वाढवला.

“बसा आजी. हयात आहेत ना या, पांढरीपांडे?”

“हो, साहेब.”

“मग प्रश्नच मिटला. हे बघा, यांचा फॉर्म काढून टाका. दुसरा एखादा जोडा, साठ झाले की झालं. एकोणसाठ क्लिअर आहेत. कशाला एका अंगठ्यासाठी फाइल अडवायची? आजींचा सत्कार करू आपण एक मेला.”

हंसाबाईनं रंजिताकडे पाहिलं. “काय म्हनून राह्यला थो?”

“तुहा कागद काढून टाकतो म्हनते.”

“काहून?”

“अंगठा दिसत नाही म्हनते.”

हंसाबाईनं पांढरीपांड्यांकडे पाहिलं नाही, आणि ते बरं झालं. तिनं पाहिलं असतं तर आपण तिच्यासाठी बोललो असं त्यांना पुढे कधी तरी वाटलं असतं.

“साहेब,” ते म्हणाले, “काढायचे तर एकोणसाठ काढावे लागतील.”

“म्हणजे?”

“ते माझे आहेत.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर. “ही बोटं. जुळवून पाहा. पळसतांड्याचेच नाही, बाकी दोन गावांचेही. अ. क्र. ४१ एवढाच खरा आहे.”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

“किती महिने राहिले तुमचे?”

“पाच.”

“मग पाच महिने गप्प बसवत नाही का तुम्हाला? मी हे ऐकलं नाही असं समजतो. तुम्ही म्हणालाच नाहीत असं तुम्ही समजा.”

“बत्तीस वर्षं तसंच समजत आलो, साहेब.”

“चौकशी लागेल. कळतंय का? प्रशस्तिपत्र विसराच. पेन्शनचे कागद अडकतील.”

“कळतंय.” पद्मजाबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन गेला, केतकीची पुढच्या वर्षाची फी येऊन गेली. तरी हात टेबलावरून हलले नाहीत. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, साहेबांच्याच समोर अ. क्र. ४१ ओढून घेतला, आणि मागच्या बाजूला लिहिलं : ‘अंगठा माझ्या समक्ष घेतला. रेषा नाहीत, कारण कामात झिजल्या आहेत. अभिप्राय सदर महिलेचा स्वतःचा असून खरा आहे.’ खाली सही. नीळकंठ पांढरीपांडे.

साहेबांनी कागद वाचला. पहिल्यांदा घाईनं वाचला, मग उलटसुलट करून हंसाबाईचं म्हणणं वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हे पुस्तकात आहे ना असं? माझा भाऊ सांगत होता.”

“असेल साहेब. बाईंनी नाही वाचलं ते.”

“ठीक आहे. तुम्ही बाहेर थांबा.” मग ते हळूच म्हणाले, “नोटीस काढावी लागेल मला, पांढरीपांडे.”

“काढा साहेब. मसुदा हवा असेल तर मीच देतो. नोटिशीच्या मसुद्यात त्रुटी राहायला नको.”

बाहेर व्हरांड्यात हंसाबाईनं एकच मागणी केली. त्या कागदाची नक्कल हवी, शिक्क्यासकट. पांढरीपांड्यांनी कार्यालयासमोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली, त्यावर गोल शिक्का मारला. हा शिक्का मारायचा त्यांना अजून अधिकार आहे की नाही, हा प्रश्न उत्तमसिंगनं डोळ्यांनीच विचारला आणि मग स्वतःच शाईचं पॅड पुढे सरकवलं.

बस स्टँडवर ते तिला पोचवायला गेले. याआधी त्यांनी कुठल्या अभिप्रायाला बस स्टँडपर्यंत पोचवलं नव्हतं. कापूस विकून, न विकून परतणारी माणसं गाडीत खच्चून भरली होती. हंसाबाई पायरीवर चढली, दांडी धरून वळली आणि घडी केलेला कागद तिनं त्यांच्यापुढे धरला.

“वाच एकदा.”

“आता? घरी रंजिता वाचून दाखवेल न.”

“ते तं माया घरचं हाये. तू वाच. सरकारनं वाचलेलं ऐकू दे मले.”

इंजिन धडधडत होतं. पांढरीपांड्यांनी आजूबाजूला पाहिलं, चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी आवाज चढवला. गोणी दोघांनी लादायची असते. बांधायची नसते, तोलायची असते. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. “काय वाचून राह्यले वो?” “पिच्चरचं हाये कायतरी.” “चूप राह्य न, ऐकू दे.” ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आता फक्त त्यांचाच आवाज होता. पुढच्या बैलावर वझं टाकत नाहीत. तो वाट वाहतो. त्याची नजर खाली गेली, तर मागच्यांनी कुणाकडे पाहावं?

हंसाबाई दांडी धरून, मान ताठ ठेवून, दूर बाजाराकडे पाहत ऐकत होती; जणू दुसऱ्याच कुणा मोठ्या माणसाचं म्हणणं चाललं होतं आणि ते तिला पटत होतं.

गाडीला आधीच वीस मिनिटं उशीर झाला होता. पण शेवटचं ‘चूक आहे’ वाचून होईपर्यंत कंडक्टरनं घंटी दिली नाही.